आज्याच्या नावाची पाटी

फौजेतून सुटून आलेल्या माणसानं पुढं काय करावं, ह्याच्या आमच्याकडं तीन ठरलेल्या वाटा आहेत. साताऱ्याच्या एमआयडीसीत गेटवर काठी घेऊन बसावं, नाहीतर ऊस लावून कारखान्याच्या नावानं बोंब मारावी, नाहीतर मिशीला पीळ देत पारावर बसून पोरांना शिस्त शिकवावी. मी तिन्ही करून बघितलं. गेटवर झोप लागायची, उसात जीव रमायचा नाही आणि पारावरच्या पोरांनी मलाच मोबाईल कसा धरावा हे शिकवलं. मग मी लोकांना डोंगर दाखवायला लागलो.

आमच्या गावामागं डोंगराची लांबलचक धार आहे. अलीकडं सातारा, पलीकडं सांगली. बेचाळीसच्या चळवळीत, तिकडं जगाची लढाई पेटलेली असताना, इकडचे भूमिगत कार्यकर्ते ह्या धारेवरून पळायचे. अलीकडं पोलीस आले की पलीकडं, पलीकडं आले की अलीकडं. खिंडीच्या वर एक कपार आहे, आठ-दहा माणसं पाय मुडपून झोपतील एवढी. तिथं त्यांचा मुक्काम असे. ह्या वाटेनं मी पुण्या-मुंबईच्या लोकांना दोन दिवस चालवतो, कपार दाखवतो, गोष्टी सांगतो आणि पलीकडच्या अंगाला उतरवून एसटीत बसवतो. 'भूमिगतांची वाट' असं नाव दिलंय. नाव दिल्याशिवाय शहरातला माणूस चालत नाही.

ही मंडळी येतात तीच अशी सजून, की ह्यांना हिमालयात सोडायचंय. दोन हातांत दोन काठ्या, पाठीवर पाण्याची पिशवी, तिची नळी तोंडापाशी. आमच्याकडं ऐंशीच्या म्हाताऱ्याला एक काठी घ्यायची लाज वाटते, आणि ही तरणीताठी दोन-दोन घेऊन टुकूटुकू चालतात. एका बाईनं पहिल्याच चढाला मला विचारलं, "काका, वॉशरूम कुठंय?" मी म्हणालो, "ताई, ह्या दगडापासनं पार सांगली जिल्ह्यापर्यंत समदं तुमचंच." घरी गेल्यावर तिनं माझ्याविषयी काही बरं लिहिलं नाही.

वाटेतल्या वस्त्यांवर असं एक घर नाही जिथं भूमिगत जेवले नाहीत. प्रत्येक म्हातारी सांगणार, आमच्याच हातची भाकरी खाऊन गेले. आता एवढं जेवल्यावर माणसाला पळता येतं का? पण मी कशाला बोलतोय. ज्या घरात चहा चांगला, तिथला इतिहास खरा, असं मी ठरवून टाकलं होतं.

आणि माझ्याकडं तरी काय वेगळं होतं? ह्या वाटेचा खरा मानकरी म्हणून मी सांगायचो तो माझा स्वतःचा आजा. आजा भूमिगत होता, लढाई संपेपर्यंत त्यानं ह्या डोंगरात दिवस काढले, हे अख्ख्या पंचक्रोशीला ठाऊक. स्वातंत्र्य मिळाल्यावर गावानं त्याला बैलगाडीत बसवून मिरवलं. आजा मोठा अबोल. भाषण नाही, आठवणी नाहीत. पुढं सरकारनं स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन चालू केली, तर ह्यानं अर्जसुद्धा केला नाही. गाव म्हणालं, काय त्याग! मी चड्डीत मुतायच्या वयाचा असताना तो गेला. मला आठवतो तो त्याचा खोकला आणि चिलमीचा वास, बस. बाकीचं मी भरलं. पहिल्या वर्षी त्याच्या कानाजवळून एक गोळी गेली. लोकांना आवडलं, म्हणून दुसऱ्या वर्षी गोळीबार झाला. तिसऱ्या वर्षी त्यानं कड्यावरून उडी मारली. खाली करवंदीच्या जाळ्या आहेत म्हणून बरं, नाहीतर मलाच तो जगला कसा हे सांगता आलं नसतं.

ह्या आज्याचे एकुलते एक चिरंजीव म्हणजे आमचे आबा. पंचाऐंशी ओलांडलेली, दात एक नाही, रग सगळी शाबूत. पंधरा ऑगस्टला शाळेच्या झेंडावंदनाला पहिल्या रांगेतली पहिली खुर्ची आबांची. तिच्यावर ते जसे बसतात तसा राष्ट्रपतीसुद्धा बसत नसेल. एकदा एका नव्या हेडमास्तरांनी चुकून तिथं बँकेच्या साहेबाला बसवलं. आबा अख्खं झेंडावंदन उभे राहिले, आणि मास्तरांची बदली होईस्तोवर त्यांना रामराम घातला नाही.

गेल्या उन्हाळ्यात आबांच्या छातीत पाणी झालं. साताऱ्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, जपा, फार धक्का सोसायचा नाही आता. घरी आले ते एकच धोशा लावून, "माझं डोळं मिटायच्या आत बापाच्या नावाची पाटी लागली पायजे." वाट सुरू होते तिथं, डोंगराच्या पायथ्याला. गावाचीही ना नव्हती. ग्रामपंचायतीत ठराव झाला, काळा दगड कोरून आला. वर 'थोर स्वातंत्र्यसैनिक', खाली आज्याचं नाव, त्याखाली वाटेचं नाव आणि बाण. दसऱ्याला सीमोल्लंघनाला गाव शिवेवर जातंच, तेव्हाच आबांच्या हातानं नारळ फोडून पाटी बसवायची ठरली. तोवर दगड आमच्या पुढच्या सोप्यात, पोत्याखाली. आबा रोज दुपारी देवळात पत्ते खेळून यायचे, पोतं उचलायचे, अक्षरांवरून हात फिरवायचे, पोतं खाली टाकायचे आणि मग चहा मागायचे. त्यांचा पत्त्यातला जोडीदार, आमच्या समोरच्या घरातला म्हातारा, एकदा म्हणालाही, "आरं, किती येळा बगशील? दगड हाय, वासरू न्हवं." आबांनी त्याच्याशी दोन दिवस डाव मोडला.

गणपती गेल्यावर पुण्याची एक तुकडी घेऊन मी वर गेलो. हिरवागार डोंगर, सड्यावर फुलं, मंडळी खूश. पलीकडच्या वस्तीवर माझं जेवणाचं घर ठरलेलं. पण त्या घरात सुतक पडलं होतं, म्हणून ऐन वेळी शेजारच्या घरी पिठलं-भाकरी सांगितली. त्या घराच्या उंबऱ्यावर एक म्हातारी घेवडा निवडत बसलेली. नव्वदीच्या पुढची, पण कान तिखट. मी अंगणात उभा राहून माझा नेहमीचा खेळ सुरू केला. पोलिसांनी कपार घेरली, माझ्या आज्यानं गर्जना केली, वगैरे. उडीपर्यंत आलो तर म्हातारीनं हात थांबवला.

"कुठल्या गावचा म्हणलास तुजा आजा?"

मी गाव सांगितलं.

"डाव्या कानाची पाळी तुटकी हुती त्येची?"

"व्हय आजी," मी म्हणालो. माझी छाती फुगली. मंडळींनी भराभरा मोबाईल काढले.

"आगं बया! त्यो व्हय?" म्हातारीचं सगळं तोंड हसलं. "त्यो तर आमच्या गोठ्यात असायचा. लय गुणाचा माणूस. शेणघाण करायचा, धारा काडायचा. मला आंब्याच्या कोयीची पिपाणी करून दिली हुती त्यानं. लाल टोपीवालं आलं की माजा बा त्येला कडब्याच्या गंजीत घालायचा."

"पोलीस आलं की," मी दुरुस्ती केली.

"पोलीस न्हवं रं! पोलीस मला कळत न्हाईत व्हय? त्ये त्या चळवळीतल्या पोरांच्या मागं यायचं. ह्ये लाल टोपीवालं निराळं. पलटणीतनं यायचं, मोटार घिऊन, संगं येक गोरा असायचा. रजेवर आलेला त्यो, परत ग्येलाच न्हवता न्हवं का."

शहरातल्या माणसाला ह्यातलं ओ का ठो कळलं नसणार, पण मी जन्म फौजेत काढलाय. लाल टोपी म्हणजे लष्करी पोलीस. ते चळवळ्यांच्या मागं फिरत नाहीत. ते येतात ते एकाच माणसासाठी, रजा संपूनही जो पलटणीत हजर होत नाही त्याच्यासाठी. भगोडा. आमच्या बराकीत आईवरून शिवी दिलेली चालायची, पण हा शब्द कुणी चेष्टेतसुद्धा काढत नसे.

"काका, लाल टोपी म्हणजे काय?" एका पोरीनं विचारलं.

"थंडीची," मी म्हणालो. "जेवून घ्या."

मंडळी पिठल्यावर तुटून पडल्यावर मी म्हातारीच्या शेजारी बसलो. हळूच विचारलं, आजी, पण तो भूमिगतांबरोबर होता ना? ती म्हणाली, "व्हता की. कपारीत त्यांच्यासंगंच झोपायचा. त्यांची भांडी घासायचा, भाकऱ्या पोचवायचा. येकदा त्यांनी ह्येच्या हातात बंदूक दिली, तर लटालटा कापाय लागला. म्हणला, मला जमलं असतं तर पळून कशाला आलो असतो? पोरं लय हसली. पण हाकललं न्हाई हां त्येला. झोपंत वरडायचा बिचारा. लढाईचं लय भ्या घितलं हुतं." मग शेंग मोडत म्हणाली, "बरा हाय का त्यो?"

मी म्हणालो, बरा आहे.

त्या दिवशी डोंगर उतरताना मंडळी मागनं गोष्टी विचारत होती आणि मी पावसा-पाण्याचं बोलत होतो. डोक्यात एकच घण. आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. पोरगी देताना आधी पलटण विचारतात, मग जमीन. तिथं आबा जन्मभर मान ताठ करून बसले ते एका पळपुट्याच्या जिवावर, आणि आता त्याच्या नावापुढं 'थोर' कोरून ठेवलंय. उद्या ही म्हातारी दुसऱ्या कुणाला बोलली, त्या पोरांच्या मोबाईलमधून चार माणसांत गेलं, तर? आणि आबांना कळलं तर? डॉक्टरांचं बोलणं कानात होतंच. म्हाताऱ्याचा जीव त्या दगडात होता. दगड बसवला तर खोटं कायमचं उभं राहणार, आणि थांबवायचा तर आबांना कारण द्यावं लागणार.

मी आपलं घरी येऊन नाट लावायला सुरुवात केली. आबा, काळ्या दगडावर शेवाळ धरतं, पांढरा मागवूया. आबा म्हणाले, माझ्यावर बी धरलंय, मागव दुसरा बाप. आबा, पायथ्याची जागा वनखात्याची आहे, परवानगी लागेल. आबा म्हणाले, वनखातं माझ्या हातात वाढलंय. आबा, दसऱ्याला सरपंचाचं काही खरं नाही. आबा काठी टेकत सरपंचाच्या घरी जाऊन त्याच्याकडून शपथ घेऊन आले. आमची मंडळी स्वयंपाकघरातून म्हणाली, "आवं, तुमास्नी झालंय काय? येवढा हट्ट पुरवा की म्हाताऱ्याचा." तिला काय सांगू?

पितृपक्षात आज्याचा म्हाळ आला. आमच्याकडं म्हाळाला गेलेल्या माणसाच्या जागी गावातला एखादा वडीलधारा जेवायला बसवतात. त्याला पितर म्हणायचं, पाय धुवायचे, पहिलं ताट त्याला. आमच्याकडं आज्याच्या जागी दर वर्षी समोरचा म्हातारा बसतो, कारण तो भरपूर जेवतो आणि जेवताना बोलत नाही. त्या दिवशी पंगतीत कुणीतरी नेहमीचा सूर काढला, काय माणूस हुता, पेन्शनला शिवला न्हाई. आमचा पितर चवथी पुरणपोळी दुधात बुडवत होता, त्यानं मान वरसुद्धा केली नाही. मी मात्र ताटावरून उठलो.

पंगत उठली, माणसं पांगली. मी सोप्यात येऊन बसलो. आबा समोर आले.

"ताटावरनं उठलास. बापाच्या बापाच्या म्हाळाला. पाटीला नाट लावतुयास ते बी बघतोय मी. बोल काय ते."

मी बोललो. म्हातारी, गोठा, लाल टोपीवाले, सगळं. बोलताना मी त्यांच्या छातीकडं बघत होतो, आता धरतात की मग.

आबांनी छाती-बिती काही धरली नाही. कनवटीची चंची काढली, तंबाखू मळली, गालात धरली. मग म्हणाले, "ती अजून हाय व्हय? तिच्या बाचं लय उपकार हाईत आपल्यावर."

"तुमाला ठावं हुतं?"

"मला न्हाई तर कुणाला? मी चार-पाच वर्सांचा आसंन. बा मधनंच कवातरी यायचा, अंधार पडला की. आईनं बजावलं हुतं, ह्येला बा म्हणायचं न्हाई, पाव्हणं म्हणायचं. पोरगं चारचौघांत बोलून ग्येलं, लाल टोपीवाल्यांनी ऐकलं, मंजी? मी पाव्हणं म्हणाय शिकलो. पुढं लढाई संपली, इंग्रज ग्येला, त्यो उजळ माथ्यानं घरात ऱ्हायला आला, तरी माझी जीभ काय वळली न्हाई. मरूस्तवर बापाला पाव्हणंच म्हणलो मी."

"मग मिरवणूक? आन ह्यो थोर स्वातंत्र्यसैनिक?"

"त्येनं कुठं सांगितलं हुतं मिरवाय? लोकांनी उचलून गाडीत बसवला. न्हाई म्हणावं तर पलटणीचं समदं उघडं पडणार, म्हणून गप बसला. त्यो गप बसला म्हणून मी गप बसलो." आबा पोत्याकडं बघत म्हणाले, "दगडावर लिवलं की खरं हुतंय, आसं वाटलं मला. मी मेल्यावर कुणी काय बोललं तर दगड तरी हुभा ऱ्हाईल."

त्यांची दया यायला हवी होती. पण माझ्या डोक्यात भलतंच काही सरकायला लागलं होतं. मी विचारलं, "मला फौजेत का घातलं?"

मला फौजेत जायचं नव्हतं. मला कराडला जाऊन रेडिओ दुरुस्ती शिकायची होती. आबांनीच दंडाला धरून भरतीला नेलं, छाती कमी भरली तर घरी आणून दूध-केळी चारली आणि पुन्हा नेलं.

आबा खाली बघत म्हणाले, "घरातला येक तरी रजा संपली की परत जाणारा पायजे हुता."

मी दर रजेला आलो की परत जाताना आबा रहिमतपूर स्टेशनपर्यंत यायचे. लगीनसराई असो, सुगी असो, ताप असो. ट्रंक स्वतः उचलायचे. मी डब्यात बसलो तरी हलायचे नाहीत, गाडी दिसेनाशी होईस्तोवर फलाटावर उभे. पलटणीत मी अभिमानानं सांगायचो, आमच्या बापाची माया बघा. कसली माया! राखण होती ती.

माझा तोल गेला. "म्हंजे आज्याची ऱ्हायलेली नोकरी मी केली? माझी अख्खी जवानी?" असा ओरडलो की आमची मंडळी पदराला हात पुसत बाहेर आली.

"व्हय," आबा म्हणाले. एवढंच.

तीन शब्द जास्त बोलले असते, चुकलं म्हणाले असते, तर मला भांडता तरी आलं असतं. मी उठून रानात गेलो आणि ऊस नुसता बघत बांधावर बसलो. फार राग आला होता, खोटं कशाला बोलू. आबांचा आला, आज्याचा आला, त्याला बैलगाडीत बसवणाऱ्या गावाचा आला. आणि मग, राग जरा ओसरल्यावर, एक बर्फातली चौकी आठवली. पाच-सहा जणांची तुकडी, समोरून तोफा, आणि माझी विजार ओली. लोकांना मी ती गोष्ट वेगळी सांगतो. त्या आठवड्यात कुणी मला म्हणालं असतं की ह्या दारातून बाहेर पड आणि सरळ घरी जा, तर मी बूटसुद्धा घातले नसते. आज्यापेक्षा मी कणभरही शूर नव्हतो. त्याला पळायला त्याच्या मागं डोंगर होता. माझ्या मागं आबा होते.

आज्यानं कुणाला मारलं नाही, कुणाला धरून दिलं नाही. भांडी घासली, धारा काढल्या आणि एका पोरीला पिपाणी करून दिली. मी कड्यावरून ज्या माणसाला उडी मारायला लावायचो, त्याच्यापेक्षा हा मला बरा वाटायला लागला. पण हे गावात कोण ऐकून घेणार?

नवरात्रात घरात बोलणं कमीच होतं. आबांनी पोतं उचलायचं सोडलं होतं. पत्ते खेळून यायचे ते थेट खाटेवर. खाणं तुटलं. मला भीती वाटायला लागली की म्हातारा दसऱ्याआधीच जातोय. शेवटी मीच म्हणालो, "आबा, लागू दे पाटी. काय बिघडतंय? कुणाला काय कळतंय?" त्यांनी कूस बदलली. हो नाही, नाही नाही.

दसऱ्याला दुपारपासनंच हलगी वाजायला लागली. आबांना डोंगरापर्यंत चालवत नाही, म्हणून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली, तिच्यावर आबा, त्यांच्या पायाशी दगड, शेजारी तोल जाऊ नये म्हणून समोरचा म्हातारा त्यांचा दंड धरून. मी ट्रॉलीत मागं उभा. आबा फेटा बांधून होते आणि तोंड असं, की चाललेत कुठं, पाटी लावायला की फासावर. प्रत्येक खड्ड्याला मला वाटायचं, गेले.

पायथ्याला मांडव, माईक, सरपंच. सगळं गाव जमलेलं. फौजेतून निवृत्त झालेले बिल्ले लावून एका ओळीत, त्यात माझे सगळे जुने दोस्त. दगड उभा करून सिमेंट भरलं. सरपंचानं भाषणात आज्याच्या अंगावर माझ्या गोष्टीतल्या सगळ्या गोळ्या घातल्या, वर दोन स्वतःच्या. मला मान वर करवेना. मग नारळ आबांच्या हातात दिला आणि माईक तोंडापुढं धरला. दोन शब्द बोला म्हणाले.

आबांनी नारळ पोटाशी धरला. माईक खरखरत होता. मी पुढं सरकायला लागलो, तेवढ्यात त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली, थांब म्हणून.

"माझा बाप स्वातंत्र्यसैनिक न्हवता," आबा म्हणाले. "लढाईतनं रजेवर आला आन परत ग्येला न्हाई. भ्याला. पळून आला. ह्या डोंगरात लपला त्यो त्येच्यापायी. ह्ये मला ल्हानपणापासनं ठावं हाय, आन तुमच्यापासनं लपवून मी हितवर आलो. पयल्या खुर्चीवर बसलो. आता ह्ये ऐकून पाटी ठेवायची तर ठेवा, न्हाईतर उपटा."

हलगीवाला हलगी घेऊन तसाच उभा. सरपंचानं सगळ्यांकडं एकदा बघून घेतलं. बिल्लेवाल्यांच्या ओळीकडं बघायची माझी हिंमत नव्हती.

समोरचा म्हातारा ट्रॉलीतून उतरवलेल्या खुर्चीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "झालं तुजं? फोड आता नारळ. लोकांस्नी सोनं वाटायला जायाचंय."

"आरं, तुला ऐकू आलं का न्हाई?" आबा चिडले. "काय म्हणलो मी?"

"त्यात काय ऐकायचं? माझ्या आईनंच त्येला म्हैनाभर माळ्यावर ठेवला हुता. ह्येच्या बानं भाकऱ्या घातल्या, त्येच्या आज्यानं लाल टोपीवाल्यांस्नी उलटी वाट दावली. समद्या गावाला ठावं हाय. गाडीत बसवून मिरवला त्यो बी, कुणी पलटणीचं इचारू नये म्हणून."

आबांनी गावाकडं बघितलं. म्हाताऱ्या बायकांनी माना हलवल्या. बिल्लेवाल्यांत माझ्या बरोबर भरती झालेला एक जण होता, तो म्हणाला, व्हय आबा, आमच्या घरात बी बोलायचे.

"समद्या गावाला?" आबांचा आवाज फुटला. "आन म्हाळाला त्येच्या ताटावर बसून पोळ्या हाणल्यास दर साली. मंग माझ्याजवळ आजवर का बोलला न्हाईसा?"

समोरचा म्हातारा जरा गडबडला. त्यानं इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाला, "तुला ठावं न्हाई, आसं वाटलं आमाला. तुला कशाला दुखवायचं?"

आबा खुर्चीत बसले आणि रडायला लागले. मी त्यांना आई गेली तेव्हाही रडताना बघितलं नव्हतं. मी त्यांच्या पायाशी दगडाशेजारी बसलो, त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि मलाही आवरलं नाही. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आमचं होईस्तोवर अख्खं गाव उन्हात थांबलं. नारळ शेवटी समोरच्या म्हाताऱ्यानं आबांच्या हातातून काढून घेतला आणि फोडला.